देवीचा गूळ

काशीराम ड्रायव्हरचं पोट हा अख्ख्या कोंडतळ्याच्या मालकीचा विषय होता. एस.टी.तून निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तरी गाव त्याला ड्रायव्हरच म्हणायचं, आणि पोटाचा उद्धार केल्याशिवाय त्याचं नाव कुणी घेत नसे. "स्टेअरिंग सुटलं, पण स्टेअरिंगला लावायचं टेकण काय सुटलं नाय," असं गंगाराम गुरव देवळाच्या पायरीवर बसून म्हणायचा. काशीराम स्वतःही हसायचा. पोट असलेल्या माणसाला हसावंच लागतं, नाहीतर लोक जास्त हसतात.

आता हे पोट काही तो जन्माला येताना घेऊन आला नव्हता. रत्नागिरी-कोल्हापूर ही त्याची गाडी. साखरप्याला कांदाभजी, घाट चढला की मलकापुरात मिसळ, कोल्हापूरला वस्ती, आणि वस्तीला मटण. हॉटेलवाला ड्रायव्हरची बशी कधी रिकामी ठेवत नाही. ड्रायव्हर थांबला तर मागची पन्नास माणसं थांबतात, एवढं त्याला कळतं. उभी हयात अशी बसून आणि खाऊन गेली. आंबा घाटाचं एकेक वळण त्याला आठवायचं ते खाण्यावरून. इथे चहा, तिथे बटाटावडा, तिकडे ती म्हातारी उकडलेल्या शेंगा घेऊन उभी असायची. ते दिवस आठवले की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यांनाही.

दिवाळी झाल्यावर त्याला शौचाच्या वेळी रक्त दिसायला लागलं. त्याला वाटलं, मूळव्याध. ड्रायव्हर लोकांचा तो घरचाच आजार, त्यात काय एवढं. पण बायको मथुरा ऐकेना. "एवढी वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, आता मी चालवते," म्हणाली आणि त्याला रत्नागिरीला घेऊन गेली. तिथे एका तरण्या डॉक्टरीणबाईंनी आतड्यात दुर्बीण घालून बघितलं. आत दोन कोंब निघाले. पॉलीप म्हणतात त्यांना, आतड्याच्या अस्तरावर उगवलेले मांसाचे कोंब. बाईंनी ते त्याच बैठकीत कापून काढले आणि तपासायला पाठवले.

आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण मोठा कोंब अशा जातीचा होता की तो तसाच राहिला असता तर पुढे कॅन्सरच्या वाटेनं गेला असता.

"कशामुळे झालं पण हे?" काशीरामनं विचारलं.

बाईंनी त्याच्या पोटाकडे बघितलं, पण हसल्या नाहीत. "एकाच गोष्टीमुळे होत नाही, काका. पण वजन जास्त, त्यातून पोटाचा घेर जास्त, दिवसभर बसून काम, तळलेलं आणि मटण नेमानं, पालेभाजी आणि कोंड्याचं धान्य नावाला. अशा माणसाला हे कोंब येण्याचा धोका जास्त असतो. वजन उतरवा. लहानपणी काय खात होतात?"

"पेज. नाचणीची भाकरी. टाकळ्याची भाजी. दुसरं होतं काय?"

"मग त्याच्याकडेच परत वळा की." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर केली. "भावंडं किती तुम्हांला?"

"एक बहीण. माझ्याहून मोठी."

"त्यांचीही तपासणी करायला हवी. सख्ख्या भावंडांना धोका असतो. त्यांना काही त्रास आहे का? रक्त वगैरे?"

काशीरामला दिवाळीतली गोष्ट आठवली. भाऊबिजेला सगुणाआक्का ओवाळायला आली होती, तेव्हा चुलीपाशी बसून मथुरेला हळूच म्हणाली होती, "माजी मूळव्याध लय सतावते गो, सारखं रक्त जातं." कुठल्याशा झाडाची मुळी उगाळून घेत होती म्हणे. बाहेर पाटावर बसलेल्या काशीरामनं ते ऐकलं होतं. ऐकून त्यानं आणखी एक करंजी उचलली होती.

दुसऱ्याच दिवशी तो देवरुखाकडची गाडी पकडून आक्काच्या वाडीवर गेला. नवरा वारल्यापासून आक्का तिथे एकटीच राहायची. काठीला लुगडं गुंडाळावं अशी तिची अंगलट. भाऊ दारात दिसला तशी ती चुलीकडे वळली आणि तव्यावर घावन घालायला लागली. तिची ही जुनी रीत. काशीराम दिसला की त्याला भूक लागली आहे असं ती धरूनच चालायची, आणि आजवर एकदाही चुकली नव्हती.

त्यानं सगळं सांगितलं. कोंब, दुर्बीण, रिपोर्ट. आक्का घावन उलटत ऐकत होती.

"त्या डॉक्टरणीनं काय सांगितलंन? पोटामुळं झालं ना?"

"पोट, खाणं, बसणं."

"मग माजं पोट दाखव कुटं हाय ते." तिनं पदर बाजूला करून दाखवलं. "मी काय मटण खाते? मी काय बसते दिवसभर? नाचणी खाऊन जल्म गेला माजा. तुजं दुखणं तुला. मला कशाला लावतोस?"

"आक्का, ती म्हणाली, पोट असलं तर धोका जास्त. पोट नसलं म्हणजे धोका नाय असं नाय. आणि रक्त कसलं हाय ते बघितल्याशिवाय कळत नाय."

"माज्या आत कोणी दुर्बिणी घालायच्या नायत," आक्का म्हणाली, आणि तिसरं घावन त्याच्या ताटात टाकलं.

काशीरामनं हात धुतले तरी हट्ट सोडला नाही. तेव्हा आक्का विळी बाजूला सारून त्याच्यासमोर बसली.

"तुला का झालं ते मला ठावं हाय. आवशीचा नवस राहिला."

आवस म्हणजे त्यांची आई. आणि हा नवस काशीरामला माहीत होता, पण ढगाआडचा डोंगर दिसावा तेवढाच. तो सात वर्षांचा असताना तापानं अंथरुणाला खिळला होता. गावात डॉक्टर नव्हता. आक्का त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरून दवाखान्यात न्यायची, आणि परत आणायची. त्या दिवसांतलं त्याला एवढंच आठवायचं, आक्काच्या केसांना येणारा खोबरेल तेलाचा वास आणि तिचं धापा टाकणं. तेव्हा आवशीनं नवलाईदेवीला पदर पसरून म्हटलं होतं, माझ्या पोराला उठव, मी त्याच्या भारोभार गूळ तुझ्या देवळात घालीन. देवीनं पोराला उठवलं. आवशीनं मात्र या वर्षी नाही तर पुढल्या वर्षी करत करत गूळतुला काही केली नाही. पोर वाढत गेलं आणि नवसही पोराबरोबर वाढत गेला.

"डोळे मिटायच्या आदल्या दिशीसुदा तेच बोल्ली," आक्का म्हणाली, "काशाचा नवस राहिला. देवी विसरली नाय बघ."

"आक्का, देवीचा आणि आतड्याचा काय संबंध?"

"तुज्या डॉक्टरणीचा आणि माजा काय संबंध?" आक्का शांतपणे म्हणाली. "तू तुलेला बस. तू नवस फेडलास की मी येते तुज्या दुर्बिणीला. त्याच्या आदी नाय."

आक्कानं एकदा शब्द दिला की तो दगडावरची रेघ. काशीरामला ते चांगलं ठाऊक होतं. शब्द हातात आला म्हणून तो खुशीत परत निघाला. पण गाडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की गावच्या सभामंडपात, सगळ्या भावकीसमोर, काट्याच्या पारड्यात आपल्याला बसायचं आहे. त्याच्या अंगावर काटाच आला.

गावात उतरला तो थेट गंगारामकडे गेला. गुरव तोंडानं कितीही वाह्यात असला तरी देवीसमोर उभा राहिला की दुसराच माणूस व्हायचा. काशीराम म्हणाला, कौल लाव. पहिलं विचार, गुळाऐवजी नाचणी चालेल का. डॉक्टरीणबाई तरी खूश होतील.

गंगारामनं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोघं गाभाऱ्यात दिव्याच्या उजेडात बघत राहिले. डावी पडली.

"गूळ तो गूळ," गंगाराम म्हणाला. "आणखी काय?"

काशीरामनं घसा खाकरला. "शिमग्यापर्यंत मुदत देशील का, इचार."

या खेपेला उजवी पडली, आणि चटकन पडली. काशीरामनं देवीला साष्टांग नमस्कार घातला. म्हणजे निम्मा घातला, बाकीचा पोटानं अडवला. त्याच्या मनात सगळा बेत तयार झाला होता. शिमग्याला तीन-चार महिने होते. तेवढ्यात वजन उतरवायचं, डॉक्टरीणबाईंचंही ऐकायचं, आणि मग जरा माणसासारखा होऊन पारड्यात बसायचं.

मथुरेला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "देवीनं मुदत दिली," ती म्हणाली. "आक्कांच्या रक्तानं दिली काय?"

"मूळव्याधच असेल गो तिची," काशीराम म्हणाला. त्याला तसंच असायला हवं होतं.

तर काशीराम चालायला लागला. पहाटे सड्याच्या उघड्या माळावरून, कातळ तुडवत, लांबच्या पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, आणि परत. पहिल्या दिवशी गावातली कुत्री त्याच्यावर भुंकली, कारण ड्रायव्हरला पायी जाताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. घरात मटण बंद झालं, फरसाणाचे डबे रिकामे झाले आणि मथुरेनं माळ्यावरचं जुनं जातं काढायला लावलं नाही एवढंच. नाचणीची भाकरी सुरू झाली. कुळथाची पिठी सुरू झाली. सकाळी चहाबरोबरच्या बटरांच्या जागी उकड्या तांदळाची पेज आली, बरोबर भाजलेला सुका बांगडा.

आणि त्या पेजेनं काशीरामची पार दैना केली. म्हणजे पोटाची नव्हे, मनाची. पेजेची वाफ तोंडावर आली की तो साठीचा माणूस एका झटक्यात सात वर्षांचा व्हायचा. मातीच्या भिंतीला टेकून बसलेला, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि समोर आक्का करवंटीच्या डावानं पेज ढवळत बसलेली. "पी रे बाबू. एकच घोट. हा आवशीचा, हा बापाशीचा, हा माजा." आवशीच्या हातच्या भाकरीचा करपलेला कड, पावसाळ्यात डोंगरावरून खुडून आणलेली कोवळी भाजी, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, त्या सोलताना बोटांना लागणारी राख. किती वर्षं झाली हे सगळं तोंडाला लागून. घाटातल्या सगळ्या हॉटेलांनी मिळून त्याला एवढं खायला घातलं, पण त्यातलं एकही खाणं असं डोळ्यांत पाणी आणणारं नव्हतं.

पट्टा एक भोक आत गेला. काशीरामला त्याचा एवढा आनंद झाला की तो दिवसातून दोनदा शर्ट वर करून मथुरेला दाखवायचा. संक्रांत आली. आक्काला तिळगूळ द्यायला जाऊ, आणि पट्ट्याचं भोकही दाखवू, म्हणून तो तिच्या वाडीवर गेला.

नळ वाडीच्या खालच्या अंगाला होता. तिथून वर येणाऱ्या पायऱ्यांवर मध्येच कोणीतरी बसलेलं त्याला दिसलं. जवळ गेला तर आक्का. बाजूला पाण्याची कळशी, अर्धीच भरलेली. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. ते धापा टाकणं काशीरामला ओळखीचं होतं. पण तेव्हा तिच्या पाठीवर तो होता. आता तिच्या पाठीवर काहीच नव्हतं.

"जरा दम खाते," आक्का म्हणाली. "चल, घावनं घालते तुला."

"घावनं नको. रक्त अजून जातंय?"

"जातंय. जायचंच ते."

"जास्त?"

आक्कानं पायरीकडे बघितलं. "हाय थोडं जास्त."

"उद्याच्या उद्या रत्नागिरीला चल. माझ्या गळ्याची शपथ."

"तू बसलास तुलेला?" आक्कानं विचारलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "मथुरा बोल्ली मला, देवीनं तुला शिमग्यापर्यंत दिलंन ना? मग मी पण शिमग्यापर्यंत हाय."

काशीराम तिच्याशेजारी पायरीवर बसला. पट्ट्याचं भोक दाखवायचं होतं हे तो विसरून गेला. त्याला स्वतःचीच किळस आली. चार लोक हसतील म्हणून आपण मुदत मागितली. देवीनं ती दिली, कारण तिला काय, ती दगडाची आहे, तिला कितीही थांबता येतं. पण ही बाई इथे पायरी-पायरीनं संपत चालली आहे आणि आपण पट्ट्याची भोकं मोजतो आहोत. आवशीनंही असंच पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी केलं. एवढंच होतं की आवशीच्या लांबणीवर कोणाचा जीव टांगलेला नव्हता.

त्यानं कळशी उचलली, आक्काला घरी नेऊन बसवलं, आणि अंगणात येऊन गंगारामला फोन लावला.

"गंग्या, परवाला काटा टांग."

"आं? शिमगा खंय आणि परवा खंय? वजन उतरलं काय तुजं?"

"एक भोक उतरलं. तू काटा टांग."

गंगारामनं काजूवाल्या व्यापाऱ्याकडचा मोठा काटा आणून तो सभामंडपाच्या तुळईला टांगला. गूळ रत्नागिरीच्या बाजारातून टेम्पोनं आला. ढेपांची रास बघायला शाळा सुटल्यासारखी पोरं जमली. माणसं काय, त्याहून जास्त. काशीराम धोतर नेसून, उघड्या अंगानं मंडपात आला तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "तुळई सागाची हाय ना रे?" दुसरा म्हणाला, "कोल्हापूरचा माल तोलायला कोल्हापूरचाच गूळ मागवायला लागेल." हशा पिकला. आक्का खांबाला टेकून बसली होती. ती हसली नाही.

काशीराम पारड्यात बसला. पारडं धाडकन जमिनीला लागलं. पोरं टाळ्या पिटायला लागली. लाज वाटेल, वाटेल म्हणून ज्या क्षणाला तो दोन महिने घाबरत होता तो हाच. त्यानं डोळे मिटून घेतले. लाज वाटली, खूप वाटली, कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समोरच्या पारड्यात ढेपा चढत होत्या. एक, आणखी एक, आणखी.

"आवशीनं गूळ आणला होता," आक्का एकदम म्हणाली.

गंगारामचा ढेप उचललेला हात थांबला. काशीरामनं डोळे उघडले.

"त्या साली बापाशीनं मुंबयवरनं पैशे धाडले होते. आवशीनं ढेप आणलीन. एकच. तुजा भार तेवढाच होता तवा, एका ढेपेचा. देवळात न्यायची म्हणून कोनाड्यात ठेवलीन."

"मग नेली का नाय?"

"ताप गेला, पण तू काय खायनास. पेज तोंडाशी धरली की मान फिरवायचास. मग आवशीनं ढेप फोडलीन. पेजेत गूळ टाकला की तेवढी तू पियाचास. मी भरवायची तुला. रोज खडा खडा करून सगळी ढेप गेली तुज्या पोटात." आक्का त्याच्याकडे बघून म्हणाली, "देवीचा गूळ तूच खाल्लास, काशा. म्हणून उभा राहिलास. मग आवशीला दुसरी घ्यायला कधी जमलंच नाय."

काशीरामनं पारड्यातूनच विचारलं, "आणि तू? तुला मिळाला का गूळ?"

"मी गोणपाट चाटायची," आक्का म्हणाली आणि आता मात्र हसली. "ढेपेचं. लय गोड लागायचं."

काशीराम त्या पारड्यात, सगळ्या गावासमोर, लहान पोरासारखा रडला. आता कुणी हसलं नाही. त्याच्या मनात एकच घोळत राहिलं की आपल्या अंगावर हे जे एवढं चढलं आहे, त्याची सुरुवात हिच्या ताटातून झाली होती. गंगारामनं शेवटची ढेप ठेवली. काटा डुलला, डुलला आणि सरळ झाला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, घरोघर गूळ वाटला गेला आणि काशीरामनं नखाएवढा खडा जिभेवर ठेवून पाणी प्यायला.

त्याच दिवशी त्यानं आक्काला आपल्या घरी ठेवून घेतलं. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी फक्त निवळ पेय चालतं, आणि पोट साफ करायचं औषध बाटल्यांनी प्यावं लागतं. आक्काला कोकमाचं सरबत हवं होतं. काशीराम म्हणाला, लाल काही नको, आत रक्तासारखं दिसतं आणि डॉक्टरांची फसगत होते, मी मागल्या खेपेला बोलणी खाल्लीत. त्यानं शहाळी सोलून दिली. आक्का औषधाचा घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि त्याच्याकडे बघायची. तिच्याबरोबर तोही दिवसभर शहाळ्याच्या पाण्यावर राहिला. "पी गो," तो म्हणत राहिला. "हा आवशीचा. हा बापाशीचा. हा माझा."

हॉस्पिटलात नर्सनं आक्काला वजनाच्या काट्यावर उभं केलं. आकडा आला अडतीस. नर्सनं तो लिहून घेतला आणि पुढे गेली. काशीराम मात्र त्या काट्याकडे बघत राहिला. त्याच्या पारड्यातल्या ढेपांच्या निम्म्याही ढेपा लागल्या नसत्या.

त्याला स्वतःला आत अर्धा तास लागला होता. आक्काला तासाच्या वर होऊन गेला तरी दार उघडेना. मथुरा जप करत बसली होती. काशीराम भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या नकळत त्याचे ओठ हलायला लागले. नवसबिवस सगळं थोतांड असं एस.टी.च्या केबिनमध्ये कंडक्टरला पटवून देणारा तो माणूस. तोच म्हणत होता, नवलाई आये, हिला सुखरूप बाहेर येऊ दे. हिच्या भारोभार गूळ घालीन. मीच घालीन, मागे ठेवणार नाय.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या घामानं निथळत होत्या. "मोठा होता," त्या म्हणाल्या. "बसका आणि पसरट. तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. रक्त त्यातूनच जात होतं. मूळव्याध नव्हती ती. सगळा काढलाय. आता रिपोर्ट येऊ दे."

"पण ती तर बारीक आहे हो," काशीराम म्हणाला. एवढं समजावूनही त्याच्या तोंडून ते गेलंच.

"आतड्याला ते माहीत नसतं, काका," बाई म्हणाल्या.

रिपोर्ट आला तो ऐकायला तिघंही गेले. कोंब कॅन्सरच्या उंबरठ्यावर उभा होता, पण आत शिरला नव्हता. बाईंनी सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, पण आता काळजी आहे ती रक्त कमी असण्याची. गोळ्या घ्यायच्या, आणि भरपूर खायचं. "काकांनी कमी खायचं आणि तुम्ही जास्त," बाई म्हणाल्या. आक्काला हे इतकं उफराटं वाटलं की ती बाहेर येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत होती.

काशीरामनं दोघींना रिक्षात बसवलं आणि स्वतः बाजारात गेला. घरी आल्यावर त्यानं आक्काला नव्या नवसाचं सांगितलं. आक्कानं डोळे मोठे केले. "तू? तू नवस बोललास?"

"बोललो. ही पहिली ढेप आणलीय. बाकीच्या आणतो."

"लवकर आण बाबा. आवशीसारकं करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम आपण होऊन चुलीपाशी बसला. त्यानं पेज शिजवली, आक्काच्या वाडग्यात ओतली आणि तिच्यासमोर ठेवली. आक्कानं दोन घोट घेतले आणि वाडगा खाली ठेवला. औषधांनी तोंड कडू झालं होतं, जाईना. तिनं मान फिरवली.

काशीरामनं तिच्याकडे बघितलं. मग तो उठला, कोनाड्यातून ढेप काढली, बत्त्यानं तिचा कोपरा फोडला आणि चांगला ठसठशीत खडा तिच्या वाडग्यात टाकला.

"अरे, देवीचा ना तो?" आक्का म्हणाली. "फोडलास?"

"फोडला."

"आणि नवस?"

"तुझा भार वाढू दे, मग फेडतो. तोवर थांबेल देवी, तिला आपल्या घराची सवय हाय." त्यानं वाडगा उचलून तिच्या तोंडाशी धरला. "पी."

आक्का पेज प्यायला लागली. ती संपेपर्यंत काशीराम तिथून हलला नाही. मग तिचं लक्ष नाही असं बघून त्यानं ढेपेचं फडकं उचललं आणि एकदाच, हळूच, चाटून बघितलं.